कुंकवाची बाजू

बापूकाका विलायतेहून परतले ते दोन गोष्टी घेऊन: एक रेकॉर्ड प्लेअर आणि दुसरी नलू. दोन्हींची सोय पुढच्या खोलीत झाली, आणि तिथली माझी सतरंजी, दप्तर आणि गाताना सूर धरायची श्रुतीची पेटी उचलून मागं कोठीच्या खोलीत गेली. कोठीत चिंचेचे गोळे, सुक्या मिरच्यांचं पोतं आणि मी. त्या मिरच्यांनी रात्री शिंका यायच्या आणि पलीकडून आईचा आवाज यायचा, "वत्से, हळू शिंक गं, नलू जागी होईल." शिंकसुद्धा माझी राहिली नव्हती.

काका अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, धाकटे भाऊ. यंत्रांच्या कारखान्यात होते. कारखान्यानं त्यांना शिकायला धाडलं तेव्हा काकू आणि नलू बरोबर गेल्या. येताना काकू आल्या नाहीत. तिथंच आजारी पडल्या, बरेच महिने दवाखान्यात होत्या आणि तिथंच गेल्या. काका मुळातच कमी बोलणारे, परतल्यावर ते अजूनच गप्प झाले. सकाळी कारखान्याच्या बसनं जायचे, संध्याकाळी यायचे, पानात पडेल ते जेवायचे. आई त्यांना भातावर दोनदा तूप वाढायची आणि ते दोनदा "पुरे, वहिनी" म्हणायचे, बस्स.

बंगळूरच्या बसवनगुडीतलं आमचं घर लहान होतं, पण आवाजानं भरलेलं असायचं. पहाटे रस्त्यानं सोप्पू, म्हणजे पालेभाजी, विकणारी बाई ओरडत जायची, मग शेजारच्या सरोजम्मांचा कॉफीच्या बिया दळायचा आवाज, मग देवळाची घंटा. हिवाळ्यात सगळ्या गल्लीला अवरेकाळूचा, म्हणजे ओल्या वालाच्या दाण्यांचा, वास यायचा. आम्ही पोरं ते दाणे भिजवून बोटानं दाबून सालं उडवायचो. आमची मराठी म्हणजे कन्नड माणसांच्या घरी वाढलेली पोर. "स्वल्प सरक की" हे आम्हाला अस्सल मराठी वाटायचं, आणि पुण्याचे पाहुणे आले की तोंडाला रुमाल लावून हसायचे. अण्णा त्यांना म्हणत, "हसा की. तीनशे वर्षं इथलं पाणी प्यालो, चव लागणारच."

त्या सगळ्या आवाजांत माझा एक आवाज होता. अण्णा कचेरीतून आले, हातपाय धुऊन जगलीवर, म्हणजे दाराबाहेरच्या दगडी कट्ट्यावर, कॉफीचा लोटा घेऊन बसले की मला हाक यायची. "हं, वत्से. म्हण." मी श्रुतीची पेटी घेऊन खाली पायरीवर बसायची आणि त्यांनी शिकवलेलं एखादं पद म्हणायची. अण्णांचा गळा तरुणपणीच बसला होता, पण त्यांच्या पोटात गाण्यांचं पोतं होतं, आणि ते एकेक करून माझ्यात रिकामं करत होते. ते कुणाशीही फार बोलत नसत, आईशीसुद्धा नाही. त्यांची ती संध्याकाळची कॉफी संपेपर्यंतची वेळ घरात फक्त माझी होती. धाकट्या भावंडांनी मध्ये लुडबुड केली तर अण्णाच त्यांना हाकलत. मी दिसायला बरी नव्हते, अभ्यासात मधली होते, पण जगलीच्या त्या पायरीवर मी राणी होते, आणि राणीसारखीच माजलेही होते.

नलू माझ्यापेक्षा जेमतेम वर्षानं मोठी. तरी मी तिला अक्का म्हणायचं असं आईनं पहिल्याच दिवशी बजावलं. "नलूअक्का" म्हणताना माझ्या तोंडात लिंबाची बी फुटायची. ती गोरी नव्हती, उंच नव्हती, गात तर मुळीच नव्हती. तिच्याजवळ एक निळा लोकरी कोट होता, जो बंगळूरच्या हवेत कुणाला वर्षातून चार दिवस लागेल, आणि ती तो घालून कोपऱ्यात बसायची. त्या कोटाचा मला हेवा वाटला. तिला बोटीवर ओकाऱ्या झाल्या होत्या, त्याचाही वाटला. आणि आता या वयात लपवून काय करायचंय, मला तिच्या आई नसण्याचासुद्धा हेवा वाटायचा. कारण आई नसल्यामुळं तिला माझी आई मिळाली होती. सायीचा पहिला चमचा तिला, चिरोट्याचा वरचा खुसखुशीत पदर तिला, न्हाणीघरात तिच्या डोक्याला आई स्वतः तेल घासायची आणि मला सांगायची, "तुझं तू घे की, घोडी झालीस." येणारी-जाणारी प्रत्येक बाई नलूच्या तोंडावरून हात फिरवायची. आमची म्हण आहे, कानामागून आली आणि तिखट झाली. मी ती म्हण कोठीतल्या मिरच्यांना रोज ऐकवायची.

आणि मग ती रेकॉर्ड. काकांनी आणलेल्या ट्रंकेत ती कपड्यांच्या मधोमध ठेवलेली होती. आमच्या गल्लीत फोनो होते, किल्लीचे, जाड जड तव्यांचे. ही रेकॉर्ड मोठी, हलकी, वाकेल की काय अशी. पाकिटावर हसणाऱ्या गोऱ्या माणसांचा घोळका होता. ती एका नाटकाच्या गाण्यांची होती, त्याच नाटकात काम करणाऱ्या नटनट्यांनी म्हटलेल्या, आणि ते नाटक म्हणे आधी टेलिव्हिजनवर दर आठवड्याला थोडं थोडं दाखवलेल्या गोष्टीवरून केलेलं होतं. हे एवढं काकांनी एका वाक्यात सांगितलं आणि ते आंघोळीला गेले. आता नाटक आम्हाला ठाऊक होतं, रेडिओ ठाऊक होता. पण टेलिव्हिजन आमच्यात कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. सरोजम्मांना वाटत होतं तो रेडिओच, फक्त पुढून काच लावलेला, म्हणजे आत बसलेला माणूस दिसतो. "सिनेमा घरी येतो," असं आईनं त्यांना समजावलं. "घरी येतो तर त्यांना कॉफी द्यावी लागते काय?" असं सरोजम्मांनी विचारलं. त्यावर सगळे हसले आणि नलूकडं बघू लागले, कारण पाहिलेली ती एकटीच.

"तू बघितलास ना गं?" आईनं विचारलं.

नलूनं काकांच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं आणि मान हलवली. होय.

आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू आली की आधी तिला कुंकू लागायचं. शिवणयंत्राला लागलं होतं, काकांच्या जुन्या सायकलला लागलं होतं, पाटा-वरवंट्याला तर दर अमावास्येला लागायचं. आईनं रेकॉर्ड प्लेअरला कुंकू लावलं आणि मग रेकॉर्ड हातात घेऊन, जी बाजू वर होती तिच्या मधल्या गोल कागदावर ओल्या कुंकवाचा चांगला ठसठशीत टिळा लावला. तो नेमका बाजूच्या आकड्यावर बसला. पण त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. कुंकू लावलं ती पहिली बाजू, मग दुसरी. मंगल वस्तूला जसं आधी उजवं पाऊल, तसं. काका वहिनींच्या नियमात कधी बोट घालत नसत. ते दर वेळी चष्म्याशिवाय तो टिळा शोधायचे, ती बाजू वर ठेवायचे आणि सुई टेकवायचे.

पहिल्या रविवारी जेवणं झाल्यावर सगळे पुढच्या खोलीत जमले. उप्पिटाची भांडी तशीच पडली होती. आधी एक घंटा वाजली, मग पुष्कळ माणसं हसली, मग सगळ्यांनी मिळून काही तरी जोरात म्हटलं. इंग्रजी आम्हाला शाळेपुरतं येत होतं, पण त्या भराभर गाण्यातलं "लव्ह" आणि "टी" याशिवाय मला काही कळलं नाही. गाणं थांबलं आणि मधल्या त्या खरखरीत आई म्हणाली, "म्हणजे काय झालं गं, नलू?"

नलूनं कोटाची गुंडी फिरवली. मग बारीक आवाजात सांगू लागली. "हा दवाखाना आहे. ती घंटा झाली ना, ती भेटायची वेळ झाली म्हणून. बायकांचा वॉर्ड आहे. त्यात एल्सी नावाची बाई आहे, खिडकीजवळच्या खाटेवर. तिनं आज पहिल्यांदा सगळं जेवण खाल्लं, म्हणून सगळ्या बायका हसल्या आणि गायल्या." मग पुढचं गाणं. मग पुन्हा नलू. कीर्तनात बुवा अभंग म्हणतात आणि मग निरूपण करतात, तसंच ते आपोआप झालं. आम्हाला ऐकायची दुसरी रीतच ठाऊक नव्हती. बाजू पालटली. आता कपबशा आणि चमच्यांचा किणकिणाट आला. "औषधांची गाडी," नलू म्हणाली. एक पुरुष खर्जात गायला. "हा मोठा डॉक्टर. तो खरं सांगत नाही." शेवटी एका बाईचं एकटीचं, अगदी संथ गाणं, आणि ते संपताना धाडकन दार लागलं.

"एल्सी गेली," नलू म्हणाली.

"मुंदे? मुंदे एनायितु?" पुढं काय झालं, असं सरोजम्मा विचारत होत्या. त्यांचे डोळे भरले होते.

"ते पुढच्या आठवड्यात दाखवणार होते," नलू म्हणाली, "पण आम्ही बोटीवर बसलो."

त्यानंतर दर रविवारी ती बैठक ठरूनच गेली. गल्लीतल्या बायका चुरमुरे घेऊन यायच्या. नलू तीच गोष्ट सांगायची, पण तीच नसायची. एका रविवारी एल्सीच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारी आली, जी सगळ्यांचे मोजे विणायची. एकदा डॉक्टरला सर्दी झाली. एकदा खिडकीबाहेर बर्फ पडला आणि एल्सीनं तो काचेतून बोटानं मोजला. सरोजम्मा आठवडाभर मधल्या वेळी कुंपणावरून एल्सीच्या तब्येतीची चौकशी करायच्या. मला वाटलं होतं, नव्याचे नऊ दिवस. पण ते नऊ दिवस संपेचनात.

या सगळ्याचं मला एवढं वाटलं नसतं. बायका काय, उद्या दुसरीकडं जातील. पण अण्णा. पहिल्या रविवारी ते दारात उभे राहून ऐकत होते. दुसऱ्या रविवारी आत येऊन बसले. मग रोज संध्याकाळी कॉफीचा लोटा घेऊन ते जगलीऐवजी पुढच्या खोलीतच जाऊन बसायला लागले, आणि रेकॉर्ड न लावताच नलूला म्हणायला लागले, "हं. मग त्या मोजेवाल्या म्हातारीचं काय झालं म्हणे?" अण्णा! जे कधी कुणाला आपण होऊन काही विचारत नसत. मी पायरीवर श्रुतीची पेटी उघडून बसायची, मोठ्यानं सा लावायची, आणि आतून अण्णांचाच आवाज यायचा, "वत्से, स्वल्प हळू गं." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एका रविवारी मी धीर करून म्हटलं, रेकॉर्ड लावायच्या आधी मी एक पद म्हणते. सगळ्या "होय की, म्हण की" म्हणाल्या. मी म्हटलं, जीव ओतून म्हटलं, एक तानसुद्धा सोडली नाही. "चेन्नागिदे, छान," सरोजम्मा म्हणाल्या आणि काकांकडं वळल्या, "सरी, आता लावा." अण्णा माझ्याकडं बघून हसले आणि नलूच्या बाजूला सरकून बसले. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण मी पिकले होते ते एकाच गिऱ्हाइकासाठी, आणि तेच दुसऱ्या दुकानात जाऊन बसलं होतं.

आता माझ्या घरात भिंतीएवढा टेलिव्हिजन आहे, आणि नातीला त्याचं काही नवल वाटत नाही. तो पहिल्यांदा घरात आला तेव्हा मी केस पांढरे झालेली बाई होते. मालिका सुरू झाली, आई रडली, सासू ओरडली, दार लागलं. मी पाच मिनिटांत उठले. नलूच्या टेलिव्हिजनपुढं तो फारच पाणचट वाटला.

दसऱ्याला आमच्याकडं खंडेनवमीची मोठी गडबड. बंगळूरला तर त्या दिवशी रिक्षापासून लोहाराच्या हातोडीपर्यंत सगळ्यांना फुलं लागतात. आमच्या घरी पुस्तकं, श्रुतीची पेटी, आईचं शिवणयंत्र, काकांची पान्यांची पेटी, सगळं पूजेत मांडलं जायचं, त्या दिवशी त्यांना कुणी हात लावायचा नाही, आणि विजयादशमीला सकाळी आपापली वस्तू उचलून थोडं तरी काम करायचं. पूजेत मांडण्याआधी सगळ्या पुस्तकांचं खाकी कागदाचं वेष्टण बदलायचं, हेही ठरलेलं. अण्णांना खाकी कागदाचं वेड होतं; आमची पाठ्यपुस्तकं, पंचांग, पासबुक, सगळं खाकी. रेकॉर्डचं पाकीटही त्यांनी पहिल्याच आठवड्यात खाकीत घालून टाकलं होतं. ती हसणारी गोरी माणसं आम्ही एकदा काय ती पाहिली. त्या वर्षी कागद बदलायचं काम माझ्याकडं होतं. खळ शिजवून मी मागच्या पडवीत बसले. "वत्से, त्या रेकॉर्डचा पण बदल," आई आतून म्हणाली. "कोपरे फाटलेत."

मी जुना कागद सोलला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सगळी गोष्ट छापलेली होती. मी बोट ठेवून, अडखळत, एकेक ओळ वाचली. दवाखाना कुठंच नव्हता. ते बसच्या डेपोतलं कँटीन होतं. एल्सी तिथं चहा करायची. खर्जातला तो पुरुष ड्रायव्हर होता आणि चहा पातळ असल्याची तक्रार गाऊन करत होता. पहिल्या बाजूला शेवटी एल्सी रागावून ॲप्रन फेकते आणि दार आपटून निघून जाते. दुसऱ्या बाजूला बसची घंटा वाजते, एल्सी परत येते, आणि सगळे हसतात. सगळी हसायचीच गोष्ट होती. मी रेकॉर्ड बाहेर काढून उन्हात धरली. कुंकू नसलेल्या बाजूवर स्वच्छ एकचा आकडा होता. आम्ही इतके महिने दुसऱ्या बाजूपासून ऐकत होतो, आणि टेलिव्हिजनवर सगळं बघून आलेल्या नलूअक्काला ते कळलं नव्हतं.

काका विहिरीजवळ बसून आपले पाने रॉकेलनं पुसत होते. मी त्यांच्याजवळ गेले. "काका, तिकडं नलूअक्का टेलिव्हिजन कुठं बघायची?"

"टेलिव्हिजन?" काकांनी मान वर केली. "आम्हाला कुठला गं टेलिव्हिजन. एक खोली, एक शेगडी. ती शाळेतून थेट दवाखान्यात यायची, तुझ्या काकूपाशी बसायची. रेकॉर्ड त्या वॉर्डातल्या नर्सनं दिली निघताना." मग पुन्हा पाना पुसू लागले.

मला जो आनंद झाला तसा नंतर लग्नातही झाला नाही. खोटारडी! मी सगळ्यांपुढं ओरडून सांगू शकले असते. पण मला ती तोंडघशी पडलेली बघायची होती, अण्णांच्या डोळ्यांसमोर. मी रेकॉर्डवरचं जुनं कुंकू ओल्या फडक्यानं पुसलं, आणि एकचा आकडा होता त्या बाजूला नवा टिळा लावला, आईपेक्षा ठसठशीत. नवा खाकी कागद इतका नीट चिकटवला की अण्णांनाही खोड काढता आली नसती. योग्य बाजूला कुंकू लावण्यात काय चूक होती? मला तेव्हा दिसली नाही आणि आजही दिसत नाही.

विजयादशमीला सकाळी सगळ्यांनी आपापली वस्तू उचलली. काकांनी एक पाना फिरवला, आईनं फडक्यावर चार टाके घातले, मी एक पद म्हटलं. मग फुलं बाजूला करून काकांनी रेकॉर्ड काढली, टिळा शोधला आणि सुई टेकवली. सरोजम्मा चुरमुऱ्यांची वाटी घेऊन वेळेवर हजर. अण्णा नलूच्या बाजूला बसले होते. मी मुद्दाम समोर बसले, तिचं तोंड दिसेल अशी.

घंटा वाजली नाही. कपबशा वाजल्या. नलू दचकली. पहिलं गाणं संपलं, सगळे तिच्याकडं वळले, ती बोलली नाही. खर्जातला डॉक्टर गाऊन गेला, ती बोलली नाही. "काय गं, बरं वाटत नाही का?" आईनं विचारलं. नलूनं मान हलवली. ती रेकॉर्डकडं टक लावून बघत होती आणि कोटाची गुंडी फिरवत होती. माझ्या मनात लाडू फुटत होते. ते संथ गाणं झालं, धाडकन दार लागलं, आणि काका बाजू पालटायला उठले.

"गेल्या वेळी एल्सी गेली होती, ना?" नलू बोलली. "आता दार लागलं ते आपण दाराच्या बाहेरून ऐकलं. ती बाहेर उभी आहे. आज पुढचा भाग आहे."

सरोजम्मांची वाटी खाली आली. काका रेकॉर्ड हातात धरून तसेच उभे राहिले.

"ती मेली असं सगळ्यांना वाटलं. डॉक्टरनं तसंच सांगितलं. पण तो खरं सांगत नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. ती पायऱ्या उतरून खाली आली, तिच्या अंगात दवाखान्याचाच झगा होता. मग ती बोटीवर बसली. एकटीच. तिला खूप दिवस लागले, कारण तिची मुलगी आधीच्या बोटीनं पुढं निघून गेली होती."

"मुलगी?" आई म्हणाली. "तिला मुलगी होती? हे आधी सांगितलं नाहीस."

"होती. खाटेजवळ उभी असायची. रेकॉर्डवर तिचं गाणं नाही, म्हणून तुम्हाला कळलं नाही." ती काकांकडं वळली. "बाबा, लावा."

काकांनी सुई टेकवली. घंटा वाजली. "ही दाराची घंटा," नलू म्हणाली. मग ती पुष्कळ माणसं हसली, इतके महिने आम्ही ज्यांना वॉर्डातल्या बायका समजत होतो ती. आज ती घरातली माणसं होती, दार उघडून बघणारी. सगळ्यांनी मिळून गायलेलं ते गाणं सुरू झालं आणि गाणं चालू असतानाच नलू सांगत राहिली, एल्सीला आधी कॉफी दिली, मग न्हाऊ घातलं, मग मुलगी आतून आली. काका उठले आणि मागच्या अंगणात गेले. विहिरीवर रहाट वाजला, बराच वेळ वाजत राहिला. आईनं नलूला ओढून मांडीशी घेतलं. सरोजम्मा पदरानं डोळे पुसत "बंदळल्ला, आली ना, आली ना," असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. आणि अण्णा नलूकडं बघत होते. तसं त्यांनी माझ्याकडं कधीच बघितलं नव्हतं. लहान मूल जादूगाराकडं बघतं तसं, तोंड थोडं उघडं.

इतके दिवस मी तिच्या कोटावर जळत होते, बोटीवर, विलायतेवर, तिनं बघितलेल्या त्या टेलिव्हिजनवर. त्यातलं काहीच तिच्याजवळ नव्हतं, हे मी स्वतःच शोधून काढलं होतं. मग आता जळणं थांबायला हवं होतं. उलट ते वाढलं. वस्तू उसनी मागता येते, फोडता येते, विसरता येते. हे तिनं कुठून आणलं होतं? नलू पुढं दावणगिरीला सासरी गेली. तिनं कधी एक ओळ लिहिली नाही, कुठं चार लोकांत बोलली नाही. पोरांना, मग नातवंडांना गोष्टी सांगत राहिली आणि गेली. मी तिच्या तेराव्याला गेले होते. तिथं तिची नात कुणाला तरी कसलीशी गोष्ट सांगत होती आणि भोवती माणसं गोळा झाली होती. मी लांब बसले.

त्या दसऱ्याच्या संध्याकाळी अण्णा बऱ्याच दिवसांनी जगलीवर येऊन बसले. रस्त्यानं पोरं सोनं म्हणून बन्नीची, म्हणजे शमीची, पानं वाटत चालली होती. मी त्यांच्यापुढं उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. कँटीन, ड्रायव्हर, ॲप्रन, टेलिव्हिजन बघितलाच नाही, सगळं खोटं.

अण्णांनी लोटा खाली ठेवला. "ठाऊक आहे," म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"बसचा डेपो. पहिल्या रविवारी तिनं दवाखाना सांगितला, तेव्हा तुम्ही सगळे आत गेल्यावर मी मागचं वाचलं. मग खाकी कागद आणला."

माझी सगळी पुस्तकं त्यांनी खाकी कागदात घातली होती, दर वर्षी. पण ती फाटू नयेत म्हणून. माझ्यासाठी त्यांनी कधी काही झाकलं नव्हतं. मी विचारलं, "खोटं आहे हे ठाऊक असून तुम्ही रोज का ऐकत बसता?"

"पुढं काय सांगेल ते ठाऊक नसतं गं," अण्णा म्हणाले. अगदी साधेपणानं म्हणाले.

"आणि माझं गाणं?"

"तुझं काय? तुझं चोख. मी दिलं तसंच्या तसं, एक सूर इकडचा तिकडं नाही." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ते खरंच कौतुक करत होते. "बैस. म्हण की एक. किती दिवस झाले."

या हाकेचीच मी इतके महिने वाट बघत होते. मी पेटी आणली आणि पायरीवर बसले. अण्णांनी डोळे मिटले, उजवा हात गुडघ्यावर ठेवला. मी पद सुरू केलं. प्रत्येक जागा यायच्या क्षणभर आधी त्यांचं बोट उचललं जायचं, आणि मी तिथं पोचायचे तेव्हा ते खाली आलेलं असायचं. मी त्या बोटाकडं बघत गात होते. मनात म्हटलं, एकदा, कुठं तरी एकदाच वेगळीकडं वळायचं, बोट चुकवायचं, त्यांना डोळे उघडायला लावायचे. पहिलं कडवं गेलं. दुसऱ्यात करू, म्हटलं. दुसरं गेलं. शेवटच्या ओळीला मी श्वास रोखून तयार झाले, आणि तोंड उघडलं तेव्हा जे शिकवलं होतं तेच बाहेर आलं. पद संपलं. अण्णा डोळे न उघडताच म्हणाले, "शाब्बास."